अंगणात जुना निंब, प्लॉट लहान: झाड ठेवायचं की काढायचं?

एप्रिल लागला की भुसावळ आणि जळगावचं तापमान बातम्यांत येतं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला तरी आता कोणी दचकत नाही. याच दिवसांत धुळे, जळगाव, नंदुरबारच्या जुन्या कॉलन्यांमध्ये घरांचे व्यवहार होतात, दुरुस्त्या निघतात आणि नवा मालक अंगणात उभा राहून वर बघतो. 30 बाय 50 फुटांचा प्लॉट, त्यातला बराचसा घरानेच व्यापलेला. उरलेल्या पट्टीत एक निंब, एक गुलमोहर, कोपऱ्यात सीताफळ. ठेकेदार म्हणतो, "काढून टाका साहेब, पेव्हर बसवू, चार कुंड्या ठेवू." शेजारचे नाना म्हणतात, "मुळं पायात शिरतील." घरातली मोठी माणसं म्हणतात, "निंब तोडत नसतात."

तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण निर्णय घ्यायला लागणारी माहिती कोणीच देत नाही. ती तीन ठिकाणी मिळते: जमिनीखालच्या पाण्यात, सावली पडते त्या जागेत आणि घराखालच्या मातीत. माझा कल झाड ठेवण्याकडे आहे, हे आधीच सांगतो. तरीही प्रत्येक झाड ठेवावं असं मी म्हणणार नाही.

मोठं झाड आणि रोप यांत फरक कशाचा?

खानदेश वाळवंट नाही. ढोबळमानाने वर्षाला 600 ते 700 मिलिमीटर पाऊस इथे पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने झाडाने स्वतःच्या हिमतीवर काढायचे. वीस-पंचवीस वर्षांचं झाड ते काढू शकतं, कारण त्याची मुळं घेराच्या, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याच्या, बरीच बाहेरपर्यंत पोचलेली असतात. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, पण ती पसरतात दूरवर. काही जातींची मुळं याशिवाय खूप खोलही जातात. राजस्थानात खेजडी म्हणतात ती आपली शमी, आणि खानदेशातल्या मुरमाड टेकड्यांवरचा अंजन, ही दोन्ही खोल मुळांच्या जोरावर टिकणारी झाडं.

नवीन रोपाला ही सोय नसते. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला दर दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावं लागतं आणि अंगभर सावली मिळायला दहा वर्षं तरी जातात. "हे काढू, दुसरं लावू" असं म्हणताना ही दहा वर्षं हिशोबात धरायला हवीत.

झाड गारवा देतं म्हणजे नेमकं काय करतं?

मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर जातं. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती भोवतालच्या हवेतून घेतली जाते. वाळ्याच्या कूलरचं तत्त्व हेच. कूलर कोकणात फारसा चालत नाही आणि खानदेशात चालतो, कारण आपली हवा कोरडी आहे. झाडही इथे त्याच कारणाने जास्त गारवा देतं.

आकड्यांत बघू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.67 युनिट (विजेच्या मीटरवर मोजतो तेच युनिट) उष्णता लागते. भरपूर पाणी मिळालेल्या मोठ्या झाडाने दिवसभरात 100 लिटर पाणी सोडलं तर 67 युनिट उष्णता शोषली गेली. दीड टनाचा एसी बारा-तेरा तास पूर्ण जोराने चालला तर साधारण तेवढी उष्णता खोलीबाहेर फेकतो. अंगण उघडं असतं, हवा वाहून जाते, त्यामुळे अंगणात एसीसारखं गार वाटणार नाही. शिवाय तहानलेलं झाड भर दुपारी पानांची छिद्रं मिटून घेतं आणि वाफ थांबते. म्हणजे कोरडं ठेवलेलं झाड गारवा कमी देतं. सावली मात्र तेव्हाही देतं, आणि खानदेशात खरा फायदा सावलीचाच. तापलेल्या फरशीवर आणि शेजारच्या सावलीतल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघा, फरक लगेच कळेल.

सावली कुठे पडते ते आधी बघा

इथे बहुतेकांची गल्लत होते. झाड चांगलं की वाईट याआधी ते घराच्या कोणत्या बाजूला आहे हे विचारायला हवं.

जळगाव साधारण 21 अक्षांशावर आहे. त्यामुळे 25 मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्याला आपण शून्य सावली दिवस म्हणतो. त्या काळात भर दुपारी झाडाची सावली झाडाखालीच पडते. दक्षिणेकडचं झाड तेव्हा घराला काहीच उपयोगाचं नसतं, स्लॅब तापतोच. पण तीन वाजल्यानंतर ऊन पश्चिमेकडून आडवं येतं आणि मे-जूनमध्ये सूर्य मावळतोही पश्चिमेच्या बराच उत्तरेला. त्यामुळे पश्चिमेच्या आणि वायव्येच्या भिंतीसमोर उभं असलेलं झाड सगळ्यांत मोलाचं. संध्याकाळी सात वाजता ज्या भिंतीवर हात ठेवला तर चटका बसतो, ती हीच भिंत. रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते तीही हीच. या बाजूचं धडधाकट झाड काढायला मी कोणालाही सांगणार नाही.

डिसेंबरात उलट होतं. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण 45 अंशांवर असतो, म्हणजे सावलीची लांबी झाडाच्या उंचीएवढी. दक्षिणेला सहा मीटरवर सहा मीटर उंच झाड असेल, तर त्याची सावली भर दुपारी घराच्या पायथ्यापर्यंत येते.

"मग सोलरचं काय?" हा प्रश्न हल्ली हमखास येतो. 2024 मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान मिळू लागलं आणि गच्च्यांवर पॅनल दिसू लागली. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याला जोडलेल्या बाकीच्या पॅनलची वीज घटू शकते, ही अडचण खरी आहे. पण ती मुख्यतः दक्षिणेकडच्या, स्लॅबपेक्षा बऱ्याच उंच झाडांची. ज्याच्यापुढे हा पेच आहे त्याने सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशा तिन्ही वेळी गच्चीवर खडूने सावलीची कड आखावी, तीही डिसेंबरात. गच्चीचा कुठला कोपरा मोकळा राहतो ते दिसतं आणि बऱ्याचदा पॅनल तिकडे सरकवून भागतं.

पाण्याचा हिशोब

"पिण्याला पाणी नाही, झाडाला कुठून आणू?" नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं त्या घरात हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका सोप्या नियमावरून काढता येतं: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर.

झाडाचा घेर पाच मीटर व्यासाचा असेल तर त्याखालची जागा सुमारे 20 चौरस मीटर. 600 मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्याच जागेवर 12,000 लिटर पाणी पडतं. ते मुरलं तर झाडाची बरीचशी बेगमी होते. पेव्हर आणि काँक्रीट घातलं तर तेच पाणी गटारीत जातं. झाड मरण्याचं हे कारण मला सर्वांत जास्त दिसतं, आणि लोक त्याचं खापर उन्हावर फोडतात.

फेब्रुवारी ते मे या काळात रुळलेल्या झाडाला दर तीन आठवड्यांनी एकदा 25 मिलिमीटर पाणी द्यायचं ठरवलं, तर एका वेळी 500 लिटर. पाच-सहा पाळ्या धरल्या तर उन्हाळ्याला साधारण 3,000 लिटर. तेवढ्याच 20 चौरस मीटरवर लॉन असेल आणि त्याला रोज फक्त 5 मिलिमीटर पाणी दिलं, तर दिवसाला 100 लिटर, चार महिन्यांत 12,000. बाग कोरडी करायची असेल तर आधी लॉन काढा, झाड नंतर बघू.

लॉन काढतानाही जपावं लागतं. अमेरिकेत नेवाडा राज्याने 2021 मध्ये निव्वळ शोभेचं गवत काढून टाकण्याचा कायदा केला. लास व्हेगास हे खऱ्याखुऱ्या वाळवंटातलं शहर, तिथे पाण्यासाठी हे गरजेचंच होतं. पण गवताला फवाऱ्याने मिळणाऱ्या पाण्यावर जी झाडं वाढली, त्यांची मुळं उथळ राहिलेली असतात. फवारे बंद झाले आणि वेगळी सोय केली नाही तर ती सुकतात. आपल्याकडेही लॉन किंवा रोजच्या पाइपच्या पाण्यावर वाढलेलं झाड एकदम तोडायचं नसतं, तसं एकदम कोरडंही टाकायचं नसतं. एक-दोन वर्षांत हळूहळू दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं आणि दर वेळी पाणी खोल द्यायचं.

पाणी खोडाशी ओतू नका. खोडाजवळ शोषणारी मुळं फारशी नसतात आणि बुंधा सतत ओला राहिला तर साल कुजते. घेराच्या कडेला गोल उथळ आळं करा. ठिबक तर आपल्या जळगावला नवं नाही: ताशी 8 लिटरचे 8 ड्रिपर कडेने ठेवले आणि 8 तास चालवले की झाले सुमारे 500 लिटर. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई जमिनीत दाबून बघा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि जिथे अडते तिथे कोरडं सुरू होतं. फूटभर गेली तर पाणी कमी पडलं, दोन फूट गेली तर पुरेसं.

कपडे धुतलेलं पाणी चालतं, फक्त साबण कमी आणि दर वेळी जागा बदलून. आरओचं फेकलेलं पाणी खारट असतं, ते एकट्याने देऊ नका. आणि पाचोळा जाळू नका. तो घेराखाली दोन-तीन इंच पसरा, खोडापासून वीतभर लांब. जमिनीची ओल टिकवायला याहून स्वस्त काही नाही.

"मुळं घर पाडतील" हे किती खरं?

खानदेशात या प्रश्नाला वेगळं वजन आहे, कारण आपली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. मे महिन्यात पडीक वावरात बघा, भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जातो. घराखाली हीच माती असेल आणि शेजारचं झाड तिच्यातलं पाणी ओढत असेल, तर उन्हाळ्यात ती जास्त आक्रसते आणि वरचं बांधकाम बसतं. म्हणजे नुकसान बहुतेक वेळा मुळांच्या ढकलण्याने होत नाही, माती सुकण्याने होतं. धडधाकट पाइप किंवा काँक्रीट मुळं सहसा फोडत नाहीत. जिथे आधीच गळती आहे तिथे ती ओलीच्या मागे शिरतात.

आता तुमच्या घराचा पाया कुठवर आहे ते विचारा. काळ्या मातीत जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत खोदतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खाली फुगीर बुडाचे खांब घालण्याची पद्धतही विकसित केली. पाया मुरमावर असेल तर झाडाचा धोका बराच कमी. तडा जातो तो ओट्याला, पोर्चला, कंपाउंडच्या भिंतीला, कारण त्यांचा पाया उथळ असतो. ओट्याला तडा गेला म्हणून घर धोक्यात आहे असं समजू नका.

तडा गेलाच असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. मेमध्ये रुंदावणारा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मिटणारा तडा मातीच्या फुगण्या-आक्रसण्याचा असतो. वर्षभर एकाच दिशेने वाढत जाणारा, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा तडा दिसला, तर इंजिनिअरला बोलवा.

आणि ठेकेदार जे सांगत नाही ते इथे सांगायला हवं. काळ्या मातीत घराला लागून असलेलं मोठं झाड काढलं की धोका संपत नाही. वर्षानुवर्षं झाडाने कोरडी ठेवलेली माती आता पाणी धरू लागते, फुगते आणि बांधकाम वर उचलते. ही उचल काही वर्षं चालू राहू शकते. घर झाडाआधीचं आहे की झाड घराआधीचं, यावरही हे ठरतं. झाड आधीपासून होतं आणि घर त्याने सुकवलेल्या मातीवर बांधलं गेलं, तर काढल्यावर उचल येण्याची भीती जास्त. अशा वेळी कुऱ्हाडीआधी इंजिनिअर.

झाड मेलंय का, आजारी आहे का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब पानं गाळतो. अंजन, पळस, गुलमोहर हेही कोरड्या दिवसांत उघडे पडतात. ती त्यांची पाणी वाचवायची रीत आहे. नवीन घर घेतलं आणि अंगणात खराटा उभा दिसला, तर नखाने बारीक फांदीची साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच निंबावर कोवळी पालवी असते आणि पोरी त्याच फांदीला झोका बांधतात. शक्य असेल तर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या आणि मग ठरवा.

पोकळ खोड म्हणजे मरणारं झाड नव्हे, कारण झाडाचा जिवंत भाग सालीखालच्या थरात असतो. सालीवरचा वाळवीचा मातीचा लेपही बहुतेकदा मेलेल्या सालीपुरताच असतो, हाताने झाडून बघा. मात्र बुंध्याशी लाकडावर कडक अळिंबी उगवली असेल तर आतलं लाकूड किंवा मुळं कुजत असण्याची शक्यता मोठी. झाड पूर्वीपासून कललेलं आहे आणि शेंडा पुन्हा सरळ वर वळला आहे, तर घाबरू नका. पण कल नवा असेल आणि कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन उचलून तिला भेग पडली असेल, तर त्या झाडाखाली गाडीही लावू नका.

कोणतं झाड?

निंब, शमी, हिवर, बोर, सीताफळ, शेवगा ही आपल्या उन्हाला आणि कमी पाण्याला सरावलेली झाडं. चिंच उत्तम, पण तिला जागा मोठी लागते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलला की डोळे निवतात, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. मे-जूनमधलं वादळ केळीच्या बागा आडव्या करतं तेव्हा गावात रस्त्यावर पडलेल्या फांद्यांत गुलमोहर असतोच. तारेखाली, रस्त्याच्या कडेला किंवा मुलं खेळतात तिथे म्हातारा गुलमोहर असेल तर तो काढणं मला पटतं. घरापासून लांब कोपऱ्यात असेल तर वजनदार फांद्या हलक्या करून ठेवता येतो.

निलगिरी आणि सुबाभूळ लहान अंगणाची झाडं नव्हेत. कोनोकार्पस हल्ली कंपाउंडच्या कडेने झपाट्याने लावतात, पण शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये वनखात्याच्या लागवडीतून त्याला बाद केलं. कंपाउंडच्या भेगेत उगवलेला पिंपळ किंवा उंबर लहान असतानाच पावसाळ्यात मुळासकट काढून मोकळ्या जागी लावा. मोठा झाल्यावर भिंत आणि झाड दोन्ही हातचे जातात.

"चिंचेखाली, पिंपळाखाली रात्री झोपू नये" हेही ऐकायला मिळतं. रात्री झाड थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतं हे खरं, पण उघड्या अंगणात त्याचं प्रमाण नगण्य असतं. शेजारी झोपलेला माणूसही तोच वायू सोडत असतो.

मधला मार्ग: छाटणी

ठेवायचं की काढायचं या दोन टोकांमध्ये बरीच जागा आहे. खालच्या फांद्या काढून घेर उचलला तर अंगण मोकळं होतं, हवा खेळते आणि सावलीही राहते. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त पाला काढू नका. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा सुजल्यासारखा गळा असतो. काप त्या गळ्याच्या लगेच बाहेर घ्या, खुंट ठेवू नका आणि खोडाला खरवडूही नका. शेंडा उडवून बोडकं करणं सगळ्यांत वाईट. मग त्यातून जे धुमारे भराभर फुटतात ते वरवर चिकटलेले असतात आणि दोन-चार वर्षांनी वाऱ्यात तेच तुटतात. पेव्हर बसवताना खोडाभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं काँक्रीट एवढ्याच अंतरापर्यंत काढायला लावलं होतं. पार बांधायची हौस असेल तर बांधा, पण आत भर टाकून बुंधा गाडू नका.

काढायचं ठरलं तर

"माझा प्लॉट, माझं झाड" हे कायद्याला मान्य नाही. नगरपालिका आणि महापालिका हद्दीत महाराष्ट्राचा 1975 चा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा खासगी अंगणालाही लागू आहे. तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि मोठी छाटणी असेल तरी आधी विचारलेलं बरं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावण्याची तरतूद आली. ग्रामीण भागात 1964 चा वेगळा वृक्षतोड कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह अशा त्यात नोंदलेल्या झाडांना आपल्या मालकीच्या जागेतही परवानगी लागते.

अर्जासोबत झाडाचे, तड्याचे, कललेल्या बाजूच्या भेगेचे तारखेसह फोटो जोडा, पाहणीला आलेल्या माणसाला ते उपयोगी पडतात. परवानगी मिळाली की फांद्यांत घरटी नाहीत हे बघून, वादळाचे दिवस टाळून, वरून खाली तुकड्या-तुकड्याने झाड उतरवा. घराला लागून असेल तर बुंधा जेसीबीने उपटू नका. तो जमिनीलगत कापून जागीच कुजू द्या, म्हणजे पायाजवळची माती एकदम मोकळी होत नाही. बदली रोप लावायचं तर जूनच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर, आणि जागा मिळत असेल तर घराच्या वायव्येला.